वाक्य आणा

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अर्धांगाच्या झटक्याने सरांची वाचा गेली. उजवा हातही गेला.

मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवतो आणि त्यांच्या शेजारच्या घरात राहतो. ते इंग्रजीचे. कुणी शब्दाचा अर्थ विचारला की ते हात वर करायचे. "नुसता शब्द नको. वाक्य आणा." वाक्य पुरं होईपर्यंत हात खाली येत नसे.

आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुली मागावाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या घरच्या. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, इंग्रजी फक्त सरांपुरतं. सर फळ्यावर काही न लिहिता म्हणायचे, "राइट." मग प्रत्येकीने आपल्या घरचं वाक्य इंग्रजीत करून आणायचं. एकीचे नायना, म्हणजे वडील, रिक्षा चालवायचे. तिने उजवीकडे वळणारी रिक्षा आणली. दुसरीने मावशीला चिठ्ठी लिहिली. तिसरीचं गणित बरोबर आलं. एकीने धाकट्या भावाच्या जावळाचा विधी, म्हणजे 'rite', आणला, तेव्हा तर सर तास संपताच माझ्याकडे आले.

"काय मराठीवाले, एका आवाजात चार घरं बसली बघा."

तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील, ज्यांची शाळा घरी आल्यावरही सुटत नाही. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वैराग गावच्या. एकदा त्यांनी आतून नुसतंच "हळद" म्हटलं. सर म्हणाले, "वाक्य आणा."

"हळद संपलीया, पिशवी घ्या आन् बाजारात जावा. झालं न्हवं वाक्य?"

सर पिशवी शोधू लागले.

दवाखान्यातून घरी आल्यावर ते रोज डाव्या हाताने दाराकडे बोट करायचे. मी एकेक शब्द पुढे करत होतो. "पाणी? पेपर? डॉक्टर?" ते डोळे मिटून घ्यायचे. एक दिवस वहिनी भाकरी थापता थापता उठून बाहेर आल्या.

"भाऊजी, असं सुटं सुटं काय इचारताय?" मग पिठाच्या हातानेच सरांसमोर बसल्या. "अवं, वर्गावर जाऊन शिकवाया जमतंय का, ते बघायचं हाय का तुमाला?"

सर कितीतरी वेळ मान डोलावत राहिले.

त्याच नायनांच्या रिक्षातून आम्ही त्यांना शाळेत नेलं. खुर्चीवर बसवलं. मग मीच म्हणालो, "राइट."

एक मुलगी उभी राहिली. "हँड," म्हणाली आणि थांबली.

सरांचा डावा हात वर गेला.

तिला पुढचं सुचेना. हात थरथरू लागला. मी तो धरायला पुढे झालो, तर दारातून वहिनींनी मला नजरेनेच थांबवलं. वर्ग त्या हाताकडे बघत होता. मुलगी अडखळत इंग्रजीत म्हणाली की, आमच्या सरांचा उजवा हात आता विश्रांती घेतो आहे.

हात खाली आला. सर अर्ध्या चेहऱ्याने हसले. घरी परतल्यावर त्यांनी दाराकडे बोट केलं नाही. त्यानंतर कधीच केलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सर गेले.

त्यांचा तास आता माझ्याकडे आहे. माझं इंग्रजी बेताचंच. मुली शब्दाचा अर्थ विचारतात. मी हात वर करून थांबतो.