पांढरा थर

मला माझ्या नवऱ्याच्या बुटांचा हेवा वाटायचा. संध्याकाळी तो घरी आला की ते दाराशी पडलेले असत आणि त्यांच्या शिवणींत आखातातल्या अल ऐनच्या कुठल्या कुठल्या शेतांमधली माती अडकलेली असे. कधी लालसर वाळू, कधी खजुराच्या बागेतली काळपट आणि जरा ओलसर. झाडायच्या निमित्ताने मी ते बाल्कनीत नेई, चिमूटभर माती तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकून चोळून बघे. वाळू किती, गाळ किती, चिकणमाती खरोखर आहे की नावालाच. मग बूट पुसून जागेवर ठेवून देई. त्याला वाटायचं, बायको फार टापटिपीची आहे.

आम्ही दोघं एकाच कृषी महाविद्यालयात, एकाच वर्गात शिकलो. मृदाशास्त्रात एम.एस्सी. दोघांचीही. वर्गातली सवय म्हणून लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करत राहिले आणि त्यावरून सासरी बरीच नाकं मुरडली गेली. लग्नानंतर त्याने पीएच.डी. केली आणि मी मुलगी केली, असं मी चारचौघांत हसत सांगायची. हसू फक्त ऐकणाऱ्यांना यायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याला इथल्या विद्यापीठात माती आणि पाणी शिकवायची नोकरी लागली आणि मी त्याच्या व्हिसावर मागोमाग आले. त्या व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं होतं की हिला नोकरी करायची परवानगी नाही. परवानगी न लागणारी घरातली यच्चयावत कामं मग माझ्या वाट्याला आली.

अल ऐनमध्ये गाडीशिवाय बाईचं पान हलत नाही आणि मला गाडी येत नव्हती. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी मराठी मंडळी जमायची, दुबईहूनही दोन-तीन कुटुंबं यायची. तिथे माझा नवरा म्हणजे मातीच्या बाबतीतला शेवटचा शब्द. एकदा दुबईच्या एका बाईंनी काळजीने विचारलं की कुंडीतली तुळस महिन्याभरात करपते, काय करू? हा म्हणाला, खत कमी पडत असेल. मी पुऱ्या लाटत होते. आतल्या आत म्हणत होते, अरे शहाण्या, क्षार साठलेत, कुंडीच्या खालचं भोक बुजलं असेल, भोक मोकळं करून भरपूर गोडं पाणी दे म्हणावं. बाईंनी खत घातलं आणि तुळस आणखी लवकर गेली. तेव्हाही तो म्हणाला, इथली हवाच वाईट. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगायचं तर तुळस मेल्याचं मला थोडं बरंही वाटलं.

मुलीच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या घराबद्दल बोलायचं होतं. ती घरी तयारी करत होती. "माय फादर इज अ सॉइल सायंटिस्ट," ती आरशासमोर म्हणाली. मी विचारलं, आणि आई? "आई, यू आर जस्ट ॲट होम," ती म्हणाली, तेही अगदी प्रेमाने. त्या दिवशी आमटी खारट झाली आणि त्याने नेमकं तेच बोलून दाखवलं.

अशात एका शरद ऋतूत, ऊन जरा उतरल्यावर, तो घरी येऊन माझ्यामागे लागला. विद्यापीठातल्या मुलींच्या स्वतंत्र विभागाची सहल एका शेतावर न्यायची होती, जमिनीत खणलेल्या खड्ड्यात मातीचे थर दाखवायला. मुलींबरोबर एखादी जबाबदार बाई असल्याशिवाय बस हलत नसे, आणि जायची होती ती बाई नेमकी आजारी पडली होती. विभागप्रमुख स्वतः येणार होते. ते सुदानचे, वयस्कर, फार हळू बोलणारे गृहस्थ, आणि नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण त्याच महिन्यात त्यांच्या हातात होतं. "तुला काही करायचं नाहीये, नुसतं बसमध्ये बसायचं," तो म्हणाला. "बरोबर थोडे सामोसे घे." मी लगेच हो म्हटलं. मला वर्षानुवर्षांत कुणी खड्ड्यापाशी बोलावलं नव्हतं. सामोसे मी एवढे तळले की ते सगळ्या विभागाला पुरले असते.

शेत गावाबाहेर होतं. खजुरांच्या रांगा संपल्या की पुढे नवीन जमीन सपाट केलेली होती आणि तिथे यंत्राने उभा खड्डा खणला होता, उतरायला एका बाजूने पायऱ्या कापलेल्या. खड्डा अरुंद. मुली खाली उतरल्या तर खांद्याला खांदा लागणार, तेव्हा माझ्या नवऱ्याला त्यांच्याबरोबर उतरता येणं शक्यच नव्हतं. तो काठावर उभा राहून काठीने दाखवत शिकवणार, असं ठरलेलं होतं. मुली काळ्या अबाया सावरत, हातमोजे घातलेल्या हातांनी एकमेकींना धरत उतरल्या. त्यांच्या सोबतीला म्हणून मीही उतरले. पायाखाली गार, दमट वाळू लागली. पाय खाली टेकले आणि मला रडूच आलं. कुणी बघू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

वरून तो छान शिकवत होता, हे कबूल करायला हवं. आवाज खणखणीत, इंग्रजी स्वच्छ. आणि माझ्या पोटात मत्सराचा नुसता डोंब. जे तो सांगत होता ते सगळं माझ्यासमोर हाताच्या अंतरावर होतं आणि मी मात्र सामोशांची बाई. मुली भिंतीला हात लावायला बिचकत होत्या. मी एकीला खुणेने हातमोजा काढायला सांगितला, तिच्या तळहातावर माती ठेवली, पाणी शिंपडलं, चोळून दाखवलं. ती हसली. मग सगळ्यांनीच हातमोजे काढले.

गुडघ्याच्या उंचीला एक पांढरा थर होता. त्याने काठी तिकडे रोखली आणि ठामपणे सांगितलं की ही चुनखडी, पाण्याबरोबर खाली उतरून साठलेली. हे तो का म्हणाला ते मला त्याच क्षणी कळलं. आमच्याकडे, काळ्या जमिनीत, खाली पांढरं दिसलं की ती चुनखडीच असते. आम्ही दोघांनी विद्यार्थी असताना शेकडो वेळा तसंच लिहिलं होतं, आणि दहा फुटांवरून पाहिलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण मी दहा फुटांवर नव्हते. मला त्यात बारीक चमक दिसत होती आणि नखाने तो थर सहज ओरखडला जात होता.

माझ्याकडे दिलेल्या सामानाच्या पिशवीत पातळ ॲसिडची बाटली होती. चुना असेल तर थेंब पडताच फसफसतो. त्याने मला वरून सांगितलं, मॅडम, जरा थेंब टाकून दाखवा. मॅडम! मी आधी वरच्या वाळूवर टाकला. तिथे जोरात फेस आला, कारण इथल्या वाळूत चुना असतोच. मग पांढऱ्या थरावर टाकला. एखाददुसरा बुडबुडा आला आणि संपलं. मुली वाकून बघत होत्या. प्रमुखसाहेबांना काठावरून दिसत नव्हतं, ते मान पुढे करून उभे होते. "इज इट फिझिंग, मॅडम?" नवऱ्याने हसून विचारलं.

ते जिप्सम होतं. आणि ही चूक साधी नव्हती. जिप्समच्या जमिनीला ठिबकचं पाणी सुरू केलं की ते विरघळतं, खालून जमीन बसते आणि झाडं, पाइप सगळंच खचतं. उद्या यातलीच एखादी मुलगी कुणाला तरी चुनखडी सांगून बाग लावायला लावणार. नुसतं 'नो' म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांची उधारी त्या एका शब्दात फिटली असती, आणि तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण त्याच्या कॉन्ट्रॅक्टवर आमचं घर होतं, मुलीची शाळा होती, आणि त्याचं हसू मला खालून बघतानाही घामाने भिजलेलं दिसत होतं. मी मराठीत म्हटलं, शक्य तितक्या साध्या आवाजात, "फेस नाही. चुना नाहीये, जिप्सम आहे. सावर."

तो सावरला. काय सफाईने सावरला. मुलींना म्हणाला, बघा, हीच गोष्ट मला तुम्हाला दाखवायची होती, की नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. दिसतं चुनखडीसारखं, निघतं जिप्सम. प्रमुखसाहेब खूश होऊन म्हणाले, एक्सलंट, एक्सलंट. मुलींनी लिहून घेतलं. मी हातात बाटली धरून खड्ड्यात उभी.

परतताना बसपाशी प्रमुखसाहेब माझ्याकडे वळले आणि त्यांनी अदबीने विचारलं की आपण कुठे शिकलात. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, तिला गार्डनिंगची फार आवड आहे. घरी आल्यावर मी भांडले. माझ्याच वर्गात होती, एवढं म्हणाला असतास तरी तुझं काय गेलं असतं, असं विचारलं. तो म्हणाला, टेन्शनमध्ये होतो, तोंडातून काहीतरी निघून गेलं, आता विषय खलास ना. दोन आठवड्यांनी कॉन्ट्रॅक्ट वाढवून मिळालं. तो कुनाफा या अरबी मिठाईचा मोठा डबा घेऊन आला. मी एक तुकडाही खाल्ला नाही, मुलीने आणि त्यानेच संपवला.

त्या हिवाळ्यात रमझान आला आणि प्रमुखसाहेबांकडे आम्हाला इफ्तारला बोलावणं आलं. बायकांची बैठक आत होती. त्यांच्या पत्नीने माझ्या ताटात खजूर वाढले आणि त्या हळहळून म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणालात, फार वाईट वाटलं. मला काही कळेना. मग समजलं ते असं. मुलींनी प्रमुखसाहेबांकडे जाऊन सांगितलं होतं की खड्ड्यातल्या त्या बाई आम्हाला प्रयोगशाळेत शिकवायला हव्यात. प्रमुखसाहेबांनी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. आणि नवऱ्याने घरच्या जबाबदाऱ्यांमुळे तिला जमणार नाही, असं परस्पर कळवून टाकलं होतं. जागा अजून रिकामी आहे, त्या म्हणाल्या, शिकलेली बाई मिळतच नाहीये. मी हातातला खजूर खाली ठेवला आणि म्हटलं, मी येते. साहेबांना सांगा, मी कधीच नाही म्हटलं नव्हतं.

गाडीत मी त्याला विचारलं. अल ऐनमध्ये चौकाचौकात सिग्नलऐवजी वाहतुकीचे गोल आहेत. आमचा रस्ता सोडून तो एका गोलाला फिरतच राहिला.

"कॉलेजात प्रत्येक परीक्षेला मी तुझ्या खाली होतो," तो शेवटी म्हणाला. "माझे वडील निकाल लागला की आधी तुझे मार्क विचारायचे. इथे एकच जागा अशी होती जिथे तू नव्हतीस."

इतकी वर्षं मी समजत होते की या घरात जळणारी मी एकटीच आहे. मी म्हटलं, "गोल पुरे. घरी चल." मला राग यायला हवा होता. तो दुसऱ्या दिवशी आला, भरपूर आला. त्या घटकेला मात्र मला एवढंच वाटलं की हे मला आधी का नाही सांगितलंस, मी सुखाने पुऱ्या लाटल्या असत्या.

कागदपत्रांसाठी नवऱ्याची ना-हरकत लागत होती. त्याने ती मान वर न करता सही करून दिली. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या सकाळी त्यानेच मला मुलींच्या विभागाच्या दरवाजाशी सोडलं. त्याचा तिथला तास दुपारी असायचा, आणि आपला तास सोडून पुरुषांना आत घेत नसत. पहाऱ्यावरच्या बाईने माझं नाव विचारून दार उघडलं. आतून दोन मुली पळत आल्या, "दक्तोरा, दक्तोरा" करत. दक्तोरा म्हणजे डॉक्टरीणबाई, आणि मी तर पीएच.डी.ही नव्हते. मी मागे वळून पाहिलं. गाडी अजून तिथेच होती आणि तो काचेतून आमच्याकडे बघत होता. तो चेहरा मला नवा नव्हता, इतकी वर्षं तो माझाच होता. मला त्याची दया यायला हवी होती. मला बरं वाटलं.