नागभीडचा शनिवार

मी समुपदेशक आहे आणि मला माझं काम चांगलं येतं. हे वाक्य आज मी बेधडक लिहू शकते. वरोऱ्याला आमच्या घरी पाहुण्यांना अजूनही "ती दवाखान्यात असते" एवढंच सांगतात, कारण त्यापुढे काय सांगायचं हे आईला कळत नाही. गोळ्या देत नाही, सुई टोचत नाही, मग करते काय? लोकांशी बोलते. सरकारी दवाखान्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, सकाळच्या ओपीडीपासून संध्याकाळपर्यंत.

माझ्यासमोर बसलेलं माणूस "मला नैराश्य आलंय" असं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, "मन लागत नाई." म्हणतं, "जेवन जात नाई, बाई, डोक्शात नुसतं गरगर करते." वाघाने नवरा मारला ती बाई येते. दारू सुटत नाही म्हणून बायकोने धरून आणलेला माणूस येतो आणि पंख्याकडे बघत बसतो. ऐकायचं कसं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. ऐकलेलं घेऊन घरी कसं जायचं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. वर्षातून एकदा नागपूरला प्रशिक्षण व्हायचं. थंडगार हॉल, पडद्यावर इंग्रजी, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. परत आलं की ज्याच्या त्याच्या तालुक्यात जो तो एकटाच.

तिथल्याच जेवणाच्या रांगेत मला गडचिरोलीकडचा एक समुपदेशक भेटला. वयाने माझ्याहून लहान, वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावचा, घरात गोंडी बोलणारा. हॉलमध्ये दिवसभर गप्प बसलेला हा माणूस जेवताना मला म्हणाला, "बाई, त्या पडद्यावरचे प्रश्न आहेत ना, ते गोंडीत इचारले तर लोक हसतेत. 'तुले जगावंसं वाटते का' असं आमच्याकडं कोनी इचारत नाई. 'तुह्या आंगनात कोन कोन बसायले येते' असं इचारा लागते. त्याच्यावरून समजते." मी जेवण तसंच ठेवून त्याच्याकडून ते सगळं लिहून घेतलं. तेव्हापासून आमचं फोनवर बोलणं होऊ लागलं.

एका दुपारी त्याचा फोन आला. ओपीडी आटोपत आली होती. तो म्हणाला, "मी राजीनामा लिहून राह्यलो."

त्याच्याकडे येणारी एक तरुण बाई गेली होती. तिने स्वतःचा जीव घेतला होता. तिची ओळख पटेल असं काहीही मी इथे सांगणार नाही. ती नेमाने यायची, बरी होत होती, आणि मग एक आठवडा आली नाही. घटनेनंतर दवाखान्यातून त्याला नोटीस मिळाली: रुग्णाची जोखीम आपण का ओळखली नाही, याचा खुलासा करावा. सोबतचे लोक त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. तो म्हणाला, "खुलासा काय लिहू, बाई? मले ती रोज दिसून राह्यली. खुर्चीवर बसलेली."

मी त्याला काहीही समजावलं नाही. एवढंच म्हटलं, "राजीनामा आठ-पंधरा दिवसांनीही देता येतो. शनिवारी नागभीडला या."

नागभीड यासाठी की तिथे रेल्वेचं जंक्शन आहे. त्याला ब्रह्मपुरीवरून बस मिळत होती, मला तर जवळच होतं, आणि मी जिला बोलावलं होतं तिला मूल स्टेशनला येऊन गाडी धरता येत होती. ती म्हणजे पोंभुर्ण्याकडची एक मनोरुग्ण परिचारिका. आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणतो. तिने मोठ्या मनोरुग्णालयात उमेदीची वर्षं काढली होती आणि अशा मृत्यूनंतर माणसाला कसं सावरायचं, हे तिने तिथे करून पाहिलेलं होतं. आम्ही तिघं एका शाळेच्या रिकाम्या वर्गात बसलो. मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या होत्या, त्यांनी किल्ली दिली आणि चहा पाठवला.

तो खिशातून नोटीस काढू लागला, तर सिस्टर म्हणाली, "ते ठेव भाऊ. आधी तिच्याबद्दल सांग. गेली कशी ते नको. होती कशी ते सांग."

त्याने नोटीस परत खिशात ठेवली. मग सांगू लागला. ती हसताना तोंडावर पदर घ्यायची. डॉक्टरांची नक्कल करायची. मोहाच्या फुलांची भाकर त्याच्यासाठी एकदा घेऊन आली होती. सांगता सांगता तो हसला आणि हसता हसता रडू लागला, मोठ्याने, शाळेच्या बाकावर डोकं टेकवून. आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. आमच्या धंद्यात हे सर्वांत अवघड आहे, दुसरा रडत असताना काही न करणं. सिस्टरला ते जमत होतं. तिच्याकडे बघून त्या दिवशी मलाही जमलं.

मग आम्ही काम केलं. शेवटच्या काही भेटींत ती काय बोलली, त्याने काय विचारलं, हे ओळीने काढलं. कुठे आणखी एक प्रश्न विचारता आला असता तेही बोललो, आडपडदा न ठेवता, आणि त्याला ते ऐकून बरं वाटलं. "आतापर्यंत सगळे एक तर 'तुह्या चुकीनं झालं' म्हनत होते, नाई तर 'तुही काई चूक नाई' म्हनत होते," तो म्हणाला. "नेमकं काय झालं ते कोनीच पाहून नाई राह्यलं होतं."

निघताना सिस्टरने विचारलं, "तिच्या घरी जाऊन आलास?"

"कोन्या तोंडानं जाऊ?"

"याच तोंडानं. बाई येतील तुझ्यासोबत."

मला न विचारताच तिने मला पाठवलं. पुढच्या आठवड्यात रजा टाकून मी गडचिरोलीला गेले आणि तिथून त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून धानोऱ्याच्या पुढे. रस्ता चांगला होता, दोन्ही बाजूंना सागाची झाडं होती, आणि हा माणूस सारखा गाडी हळू करत होता. गावाच्या अलीकडे तर तो थांबलाच. मी उतरले आणि म्हटलं, "मी इथे उभी आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा निघू." थोड्या वेळाने त्याने स्वतःच किक मारली.

तिची आई अंगणात धान वाळवत होती. त्याला पाहिल्यावर तिने धान पसरायचं हातातलं फडं खाली ठेवलं, जोहार केला, बाज टाकली, तांब्याभर पाणी आणून दिलं. ती गोंडीत बोलत होती. पहिलं वाक्य ऐकून त्याचा चेहरा बदलला. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हनतेत, इतके दिवस काऊन नाई आला? आमी वाट पाहून राह्यलो होतो."

ती त्याच्यावर चिडलेली नव्हती. तिच्या मुलीबद्दल सगळ्यांत जास्त जो ऐकत आला होता, तो माणूस तिला बघायचा होता. ती त्याला खोदून खोदून विचारत होती आणि तो मधून मधून मला मराठीत सांगत होता: माझ्याबद्दल काय बोलायची? भावाबद्दल? जेवढं सांगता येण्याजोगं होतं तेवढं त्याने सांगितलं. बाकीचं राखलं, आणि का राखतोय तेही सांगितलं. आई मान हलवत राहिली. मग तिने आत हाक मारली. एक तरणाबांड माणूस बाहेर आला, गेलेल्या बाईचा मोठा भाऊ. डोळे तांबारलेले. बहीण गेल्यापासून त्याला झोप नव्हती, शेतावर जात नव्हता. आई म्हणाली, याच्याशी बोल.

आता आमचा समुपदेशक माझ्याकडे वळून बघेल असं मला वाटलं होतं. त्याने बघितलंच नाही. बाजेवर सरकून त्याने भावाला जागा करून दिली आणि गोंडीत विचारपूस सुरू केली. मला एक शब्द कळत नव्हता, पण त्याचा आवाज कळत होता. राजीनामा पुन्हा निघणार नाही, हे मला तिथेच समजलं.

त्यानंतर दर महिन्याला एक शनिवार आम्ही नागभीडला भेटू लागलो. हळूहळू दोन्ही जिल्ह्यांतले बाकीचे येऊ लागले. सिरोंच्याचा एक जण तर आदल्या दिवशीच निघायचा, त्याच्याकडचे रुग्ण तेलुगूत बोलत. दर वेळी एकाने आपल्याला अवघड गेलेली भेट मांडायची, नाव-गाव न सांगता. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, आधी विचारायचं. दुपारनंतर सराव. एक रुग्ण व्हायचा, एक समुपदेशक, आणि सगळं आमच्याकडच्या झाडीबोलीत, गोंडीत, तेलुगूत. त्या वर्गात मी जेवढं शिकले तेवढं मी कुठल्याच हॉलमध्ये शिकले नाही. एकदा मी रुग्णाला दर दोन वाक्यांनंतर धीर देते, हे सिस्टरने मला दाखवलं. "तू त्याचं दुःख लवकर लवकर आटपतेस," ती म्हणाली. लगेचच्या सोमवारी मी तोंड मिटून बसले, आणि माझ्यासमोरची बाई पहिल्यांदा नवऱ्याबद्दल बोलली.

अडचण एकच होती. आम्ही सगळे रजा टाकून येत होतो. एकदा दोघांच्या रजा नामंजूर झाल्या, तेव्हा मी ठरवलं की हा शनिवार कामाचा दिवस धरा, असं आता मागायचं. सिस्टर, तो आणि मी, तिघं दोन्ही जिल्ह्यांचं काम बघणाऱ्या वरच्या साहेबांना भेटायला गेलो. साहेब स्वतः डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारे. आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला बोलायला वेगळा दिवस पाहिजे? बोलणं तर तुमचं रोजचंच आहे. मी ऑपरेशन करतो, मी कधी दिवस मागितला का?"

मी म्हटलं, "सर, ऑपरेशनच्या वेळी तुमच्या बाजूला भूल देणारे डॉक्टर असतात, सिस्टर असतात. रुग्ण दगावला तर तुम्ही सगळे मिळून त्याच्यावर चर्चा करता. आमच्या खोलीत आम्ही एकटेच असतो. आम्ही तेवढीच सोय मागतोय."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "आणखी?"

आता तो बोलला. "आनखी एक आहे सर. रुग्णानं जीव घेतला तर समुपदेशकाले पयलं नोटीस येते. पयलं मानूस आलं पायजे. चौकशी करा, आमी उत्तर देऊ. पन आधी कोनीतरी येऊन बसा त्याच्यासोबत." त्याचा आवाज अजिबात कापला नाही. त्याच माणसाला मी बाकावर डोकं टेकवलेलं पाहिलं होतं.

दुसरी मागणी साहेबांनी त्या दिवशी मान्य केली नाही. चौकशीची पद्धत वरून ठरते, म्हणाले, आणि ते खरंही होतं. पहिली मात्र प्रयोग म्हणून मान्य झाली. मग एका शनिवारी साहेब स्वतः नागभीडला आले, मागच्या बाकावर बसले, मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि जाताना म्हणाले, "चालू ठेवा. ही ड्यूटी आहे." गडचिरोलीच्या आमच्या मित्राची नोटीस काही मागे घेतली गेली नव्हती. आमच्या मदतीने त्याने तेव्हाच खुलासा लिहिला होता, सरळ, खरा, आणि तो समाधानकारक मानून फाइल बंद झाली. दुसऱ्या मागणीसाठी आम्ही पाठपुरावा सोडला नाही. लेखी आदेश अजून नाही, पण आमच्या दोन जिल्ह्यांत आता अशी घटना घडली की साहेब आधी सिस्टरला फोन करतात, आणि ती गाडी धरते.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं, तेव्हा शिकवायला गडचिरोलीच्या आमच्या त्या मित्रालाच बोलावलं होतं. मी पहिल्या रांगेत बसले होते. त्याने पडदा गुंडाळून ठेवायला सांगितला, खुर्च्या गोल मांडून घेतल्या आणि मला समोर बोलावलं. "बाई माह्या रुग्ण आहेत," त्याने सगळ्यांना सांगितलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काहो बाई, तुमच्या आंगनात आजकाल कोन कोन येऊन बसते?"

मी उत्तर द्यायला लागले, आणि हॉलमध्ये सगळे लिहून घेऊ लागले.