रिकामा तांब्या

"आधी पानी पी, मंग बोल." दारात कुणीही येवो, शेजारच्या मावशींचं पहिलं वाक्य हेच. गुळाचा खडा आणि वाटीनं झाकलेला तांब्या पुढ्यात ठेवल्याशिवाय त्यांच्या घरी बोलणं सुरूच होत नसे. पाथर्डीकडच्या उन्हातून तुम्ही चालत आला असाल, तर त्या पाण्याची गोडी तुम्हाला सांगायला नको.

नव्वद सालानंतर पाऊस दरसाल ओढ द्यायला लागला. ऊन तर मुळातच कडक, ते आणखी चढलं. मावशींनी आम्हा बायांना गोळा करून सरपंचाच्या ओट्यावर नेलं. "डोंगराला चर खांदू, झाडं लावू. आमी फुकट राबतो. तू निस्तं व्हय म्हन."

सरपंच गोड हसला. "पुढच्या साली बघू, मावशी."

कशाला बघतोय मेला! टँकर त्याच्याच मेव्हण्याचे. गाव तहानलं की यांची दिवाळी. दरसाल तेच हसू, तेच उत्तर. डोंगर बोडका राहिला, विहिरी आटल्या, आमचे बैल घोडेगावच्या बाजारात मातीमोल गेले.

टँकर आला की कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा आणि आम्ही काठावर रेटारेटी करत पोहरे टाकायचो. त्या रेट्यात मावशींची सून आत पडली. ऊसतोडीवरून नुकतीच परतली होती पोर. बाहेर काढली तेव्हा जीव नव्हता.

मावशी रडल्या नाहीत. निवडणूक आली, सरपंच मतं मागायला दारात आला. त्यांनी त्याला बसवलं, गूळ दिला, झाकलेला तांब्या पुढे ठेवला. त्यानं गूळ चघळत वाटी काढली, मान वर करून तांब्या कलता केला. थेंब नाही.

"पानी न्हाई व्हय, मावशी?"

"पुढच्या साली बघू."

तिथंच उंबऱ्यावर बसलेली मी खदाखदा हसले. दुसऱ्या दिवशी माझ्याही घरी त्याला तसाच तांब्या मिळाला. मग घरोघरी. तरी मुडदा निवडून आलाच.

पुढच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघताना मावशींना ऊन लागलं. त्या विहिरीच्या काठावरच गेल्या.

तेराव्याला सरपंच आला, भर दुपारी, घामानं निथळत. मी मावशींचाच तांब्या त्याच्यापुढे ठेवला. त्याची नजर सारखी तिकडं जात होती, ओठ सुकले होते, पण वाटी काढायला हात धजला नाही. तसाच उठून गेला.

तांब्या काठोकाठ भरलेला होता. मावशींच्या घरची रीत मी कशी मोडणार? पण त्याला ते मी कशाला सांगू? ते पाणी मी मावशींच्या दारातल्या लिंबाला घातलं.