परक्याचा हात

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "पाठ कशी होती?" दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलंय असंच म्हटलं असतं. पण मिलिंद साळवे सिस्टरांचा मुलगा. त्यानं नीट उत्तर दिलं, "एक डाग नव्हता मावशी. आंघोळ घालताना बायका बघतच राहिल्या." लकवा होऊन वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईची पाठ तान्ह्या बाळासारखी असावी… ज्यांनी घरात असं दुखणं काढलंय त्यांनाच यातलं काय ते कळेल. मी मेथीची जुडी हातात धरून तशीच बसून राहिले. रडू नंतर आलं. आधी आला तो अचंबा, आणि सिस्टरांच्या बाबतीत माझं आयुष्यभर हेच होत आलं.

मी करमाडची, जमीनजुमला असलेल्या घरातली. नर्सिंगचं ट्रेनिंग संपवून औरंगाबादला सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाच्या इन्चार्ज साळवे सिस्टर होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीच्या. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारली नाही, "ए करमाड" एवढंच. चिकलठाण्याला नवनवे कारखाने उभे राहत होते. कालपरवापर्यंत फुलंब्रीकडं मेंढरं वळणारी तरणी माणसं प्रेस मशीनवर उभी राहायची आणि फडक्यात बोटं गुंडाळून आमच्याकडं यायची. खाटा कमी, सिस्टर त्याहून कमी. त्यामुळं पेशंटला कुशीवर वळवणं, उठवून बसवणं हे नातेवाइकांच्या मदतीनंच व्हायचं. आणि इथं सिस्टरांचा स्वतःचा एक कायदा होता. कुणीही आपल्या माणसाला धरायचं नाही, शेजारच्या खाटेवरच्याला धरायचं. मला हे विचित्र वाटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "घरच्याचा हात थरथरतो, करमाड. आपल्या माणसाला दुखंल म्हणून अर्ध्यात सोडून देतो. परक्याचा हात धरला की धरला." पुढं मी शेकडो हात बघितले. त्यांचं म्हणणं खोटं ठरवणारा क्वचितच सापडला.

मग विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. दलितांच्या वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. शहरात संचारबंदी, अर्धे वॉर्डबॉय ड्यूटीवर यायचे बंद झाले. सिस्टरांच्या सख्ख्या भावाचं घर त्यात गेलं. वैजापूरच्या पलीकडं त्यांचं गाव. भाऊ, भावजय, पोरं असं सगळं बिऱ्हाड त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये येऊन पडलं होतं. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा भावजय धुरानं काळी झालेली एक कळशी घासत बसली होती, घासून निघत नव्हती तरी घासत होती. सिस्टर मात्र वेळेवर वॉर्डात, कॅप सरळ, केस चापून बसवलेले. मी न राहवून विचारलं, सिस्टर, तुम्हाला राग येत नाही का? "येतो की. लई येतो," त्या म्हणाल्या. "पण रागानंबी हात थरथरतो."

त्याच दिवसांत किसन आमच्याकडं आला. त्याच्याही वस्तीला आग लावली होती, आणि घरातून पोरं बाहेर काढताना त्याला काठ्यांनी मारलं होतं. कण्याला मार बसून कमरेखाली सगळं सुन्न. अशा माणसाला वेळच्या वेळी वळवलं नाही तर पाठीला जखम पडते, ती हाडापर्यंत जाते, आणि माणूस मूळ दुखण्यानं न जाता त्या जखमेनं जातो. शिवाय वळवायचं ते मान, खांदे, कंबर, पाय एका रेषेत ठेवून, सगळ्यांनी एकदम. सिस्टर डोक्याशी, मी खांद्यांशी, आणि कंबर-पाय पेलायला तिसरा माणूस हवा, तोही जोरकस. त्याची बायको गयाबाई एकदा पुढं झाली, पण त्याच्या निर्जीव पायांना हात लावला आणि तिला कापरं भरलं. शेजारच्या खाटेवर पोटाचं मोठं ऑपरेशन झालेला एक बागायतदार होता आणि त्याच्याजवळ धाकटा भाऊ दत्ता, खांबासारखा गडी. सिस्टरांनी नेहमीसारखं त्याला सांगितलं, की शेजारच्याला धरायचंय. त्यानं किसनकडं बघितलं, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा म्हणाला, "मी नाय हात लावणार त्याला."

मला वाटलं, आता सिस्टर याला बाहेर काढणार. मी असते तर काढलं असतं. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. बरं म्हणाल्या आणि स्वतःच किसनच्या कमरेशी गेल्या, डोक्याशी मला उभं केलं, आणि खांद्यांना एका बोटं तुटलेल्या कामगाराला त्याच्या चांगल्या हातानं धरायला लावलं. कसंबसं वळवलं. पण असं किती वेळा निभणार होतं? पाठीवर लालसर चट्टा दिसायला लागलाच होता. सिस्टरांनी तो बोटानं दाबून बघितला.

दुपारी दत्ताच्या भावाला खोकल्याची उबळ आली. पोटाला टाके, छातीत कफ भरलेला, तो खोकून बाहेर पडला नाही तर न्यूमोनिया ठरलेला. पोटावर उशी घट्ट दाबून त्याला बसतं करायचं होतं. दत्तानं उशी धरली, भाऊ कळवळला, आणि त्या खांबासारख्या गड्याचे हात लटलटा कापायला लागले. सिस्टर पलीकडं रक्ताची बाटली लावत होत्या. त्यांनी तिथूनच गयाबाईकडं बघितलं. "गया, तू धरतीस का? नको वाटलं तर नको धरू. तुला कुणी काय म्हणणार नाय." गयाबाई बराच वेळ जागची हलली नाही. जिचं घर जळलंय तिनं का उठावं? मग ती उठली, दत्ताच्या हातातून उशी घेतली, त्याच्या भावाच्या पोटाशी दाबली आणि म्हणाली, "खोका." तो खोकला, कफ पडला, आणि त्यानं श्वास घेतला. नंतर मी तिला विचारलं तेव्हा तिनं मोठेपणा अजिबात घेतला नाही. "माझ्या माणसाला वळवायला हात पायजे व्हता बाई. म्हणून उठले."

पुढच्या वेळी किसनला वळवायला निघालो, तर दत्ता न बोलावता येऊन कमरेशी उभा राहिला. सिस्टरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मी म्हणेन तवा. एकदम," एवढंच म्हणाल्या. किसन असा वळला की अंगाखालची चादर चुरगळली नाही. त्यानंतर दत्ता नळावर गेला आणि कोपरापर्यंत हात घासून घासून धुवायला लागला. गयाबाई बघत होती, सगळा वॉर्ड बघत होता. सिस्टर त्याच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या, साबण पुढं केला आणि म्हणाल्या, "शाबास. हात धुवायलाच पायजेत. पण आधीबी धुवायचे. पेशंटला तुमच्या हाताची घाण लागू नये." कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. दत्ताची मान खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून तो आधीही हात धुवायला लागला.

त्यांची दिलजमाई वगैरे काही झाली नाही. भावाला घेऊन जाताना दत्ता किसनशी एक शब्द बोलला नाही. पण किसनची पाठ वाचली, म्हणजे किसन वाचला. चालला कधीच नाही. शहरातच बसल्या जागी सायकलींची पंक्चरं काढायचा आणि दवाखान्यातल्या लोकांकडून पैसे घ्यायचा नाही. बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा सिस्टरांनी खाटेखाटेवर पेढा दिला, आणि ज्यांना ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं त्यांचे पेढे डब्यात झाकून ठेवून नंतर आठवणीनं दिले.

लकवा झाल्यावर त्यांनी घरातही तोच कायदा लावला. शेजारच्या शबानाचे सासरे खाटेवर होते. त्यांना वळवायला सिस्टरांची सून जायची, आणि सिस्टरांना वळवायला शबाना यायची, "चलो खाला, अब इधर की करवट" म्हणत. शेवटच्या भेटीला मी गेले तेव्हा शबाना तिच्या घरी कामात होती. मिलिंद म्हणाला, मावशी, आज तुम्हीच धरा, तुमच्याइतकं कुणाला जमणार? मी हात धुतले, आधी. पदर खोचला, एक हात त्यांच्या खांद्यामागं घातला, एक कमरेशी… आणि माझा हात थरथरायला लागला. आयुष्यभर ज्या हातानं परक्यांच्या पाठी सांभाळल्या, तो माझं ऐकेना. वय झालं आता, असं काहीतरी मी पुटपुटले. सिस्टरांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, दुसऱ्या बाजूनं त्या हसल्या. शब्द जड येत होते, पण मला नीट समजले.

"सोड, करमाड. तू घरची झालीस."

मी डोळे पुसले आणि शबानाला हाक मारायला गेले.