ताईचा कॉम्प्युटर बंद पडायचा ती दुपार

काल कॉम्प्युटरमधून तापलेल्या धुळीचा वास आला आणि मनवेलपाड्यातल्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. ताईला नोकरीसाठी स्वतः बनवलेली अ‍ॅनिमेशन फिल्म संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. लवकर व्हावं म्हणून तिने प्रोसेसरचा स्पीड वाढवला, पण फिल्म तयार होत आली की कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. मी कॉम्प्युटरचा डबा उघडून त्यावर टेबलफॅन लावला, वाढलेला स्पीड झेपावा म्हणून तिने प्रोसेसरचं व्होल्टेज किंचित वाढवलं, तरी तेच.

"ताई, स्पीड थोडा कमी कर ना."

"मग वेळेत होणार नाही गं!"

"बंद पडला तर होणारच नाही."

तिने ओठ चावत स्पीड कमी केला. मग आम्ही दोघी पंख्याची घरघर ऐकत बसलो. फिल्म जेमतेम वेळेत गेली.

ताईला ती हैदराबादची नोकरी लागली तेव्हा मी उड्या मारल्या. ताई घरातून जाणार, हे मला तिची बॅग भरताना कळलं.