गरम बिल्ला

कुल्याशचा हात हीच दिवाघराची खरी तपासणी, असं खाणीतले लोक म्हणत.

कारागांदा शहराबाहेरच्या त्या कोळसा खाणीत ती चोविसाव्या वर्षी आली आणि तेहतीस वर्षं एकाच खिडकीमागे उभी राहिली. काम साधं होतं. खाली उतरणारा माणूस आपला पितळी बिल्ला देई, ती त्याला डोक्याचा दिवा देई. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. तिच्या फळीवर बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस अजून जमिनीखाली आहे. खालच्या हवेत वायू असतो. एक ठिणगी पुरे. म्हणून काडेपेटी खाली नेणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवत, आणि कोणी तक्रार करत नसे.

नवरा साबित याच खाणीत होता. त्याला खाणीनं मारलं, पण घरी येऊन, अंथरुणात, छातीत साचलेल्या धुळीनं. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या रखियाचा मुलगा मेदेत तिच्याच स्वयंपाकघरात लहानाचा मोठा झाला. वरिष्ठांकडे शब्द टाकून त्याला खाणीत तिनंच लावलं. त्याचा बिल्ला चारशे सतरा नंबरचा. तो ती फळीच्या सगळ्यात अलीकडच्या खिळ्याला लावी.

चार्जिंगच्या घोडीवरून दिवा उचलला की तिला कळे. गरम बॅटरी म्हणजे तापलेलं पोर, ताप लपत नाही, असं ती नव्या बायकांना शिकवी. फुगलेली, चेपलेली, सोललेली बॅटरी ती खिडकीजवळच्या वाळूच्या बादलीत टाके. दुरुस्तीच्या भानगडीत पडत नसे.

एकदाच पडली.

जानेवारीतला रविवार होता. बाहेर उणे तीस. मेदेत चहाला आला आणि त्यानं टेबलावर विजेवरची सिगारेट ठेवली. बायको, साउले, गरोदर होती. तिला धुराचा वास सोसेना म्हणून त्यानं साधी सिगारेट सोडून ही धरली होती. मग सरकारी बंदी आली आणि दुकानांतली विक्रीच बंद झाली. आता जे हातात होतं तेच पुरवून वापरायचं. त्यानं बूड उघडून बॅटरी काढली. बोटाएवढी नळी. वरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलेलं, आणि कडेला एक चेप.

"कुठे पाडलीस?"

"जिन्यावर. चालते मात्र, आपाय." थोरल्या बाईला म्हणायचं हे आपाय; खाणीतही सगळे तिला तेच म्हणत.

कुल्याशनं ती तळहातावर फिरवली. हिचं डोकं एक टोक, आणि उरलेलं सगळं अंग दुसरं टोक; दोघांमध्ये एवढंसं वेष्टन, हे तिनं त्याला समजावलं. वेष्टन फाटलं की खिशातली किल्लीसुद्धा आग लावते. चेप त्याहून वाईट. आतलं काय मोडलंय ते बाहेरून दिसत नाही. ही संपली, ठेवून जा, मी वाळूत टाकते, असं ती म्हणाली.

मेदेत बॅटरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, दुसरी मिळत नाही. ही गेली तर तो पुन्हा साधी सिगारेट ओढणार, आणि साउले माहेरी जाणार. लहानपणी मोडलेलं खेळणं घेऊन तो असाच याच टेबलाशी उभा राही.

कुल्याश उठली. दिव्यांच्या तारांना घालायची, ऊब लागली की आकसणारी पिवळी नळी तिच्याकडे थोडी उरली होती. जुनं वेष्टन सोलून काढलं. डोक्याशी कागदाची नवी चकती बसवली. नळी चढवली आणि केस वाळवायच्या यंत्रानं वारा दिला. वेष्टन अंगाला घट्ट बसलं. बॅटरी नवी कोरी दिसायला लागली. चेप दिसेनाशी झाली.

मग तिनं सूचना दिल्या. गादीवर चार्ज करू नकोस. चार्जिंगला लावून झोपू नकोस. सुटी खिशात टाकू नकोस. थंडीत बाहेर ठेवू नकोस, गोठली की बिघडते, अंगाशी ठेव. गरम लागली तर घराबाहेर नेऊन टाक, मोह धरू नकोस.

"आणि खाली न्यायची नाही," ती म्हणाली.

"आपाय, हिला कुठे आग असते?"

"बॅटरी काय आहे मग? डब्यात बंद केलेली आगच ती."

तो हसला. टेबलावरचा नानचा तुकडा त्यानं उचलून कपाळाला लावला. "खाली ओढली तर हे अन्न मला बाधू दे. झालं?"

अन्नाची शपथ घेतल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. तिनंही विचारलं नाही. जाताना रखियासाठी तिनं ताटभर बाउर्साक, कणकेचे तळलेले गोळे, दिले.

अकरा दिवसांनी सकाळच्या पाळीची रांग लागली होती. माणसं पेंगुळलेली, मिशांवर बर्फ. बिल्ले बर्फासारखे गार येत होते. ती एकेक घेई, खिळ्याला लावी, दिवा देई. मेदेतनं आतल्या खिशातून बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला.

तो गरम होता. अंगाच्या उबेनं पितळ फार तर कोमट व्हावं. हा चहाच्या पेल्यासारखा लागला.

दिवा तिच्या दुसऱ्या हातात होता. तो तिनं पुढे केला नाही.

"बिल्ला गरम का रे?"

मागून कोणीतरी म्हणालं, "नवं लग्न आहे, आपाय. सगळंच गरम असणार." रांग हसली. मेदेतही हसला, पण त्याचा हात छातीशी गेला.

तिनं वाळूची बादली पायानं खिडकीच्या दारापाशी सरकवली आणि आवाज खाली आणला. "यात टाक. मी काही पाहिलं नाही."

"काय टाकू?"

"मेदेत."

"मी खाली ओढत नाही. शपथ मोडलेली नाही." तोही हळूच बोलत होता. "कपडे ठेवायच्या कपाटात गोठते. अंगाशी ठेव असं तुम्हीच सांगितलंत."

शपथेत ओढायची नाही एवढंच होतं. न्यायची नाही हे तिनं वेगळं म्हटलं होतं, आणि त्यानं सोयीचं तेवढं उचललं होतं. की तिनंच त्याला उचलू दिलं होतं? मागे शंभर माणसं उभी होती. मुकादम रेमर घड्याळ बघत होता. माणसं खाली नेणारा पिंजरा वर आल्याची घंटा वाजली.

"दिवा द्या, आपाय," मेदेत म्हणाला. "माझ्या पोटावर पाय देऊ नका."

द्यायचा म्हटला तर हात दोन वीत पुढे करायचा होता. तेवढ्यानं त्याची नोकरी वाचली असती. कदाचित काही झालंही नसतं.

कुल्याशनं दिवा मागे घोडीवर ठेवला.

"रेमर," ती मोठ्यानं म्हणाली, "याला खाली सोडू नका. याच्या खिशात बॅटरी तापलीय."

रांग मागे सरली. रेमरनं काही म्हणायच्या आत मेदेतनं कोटात हात घातला, ओरडला, आणि ती वस्तू बादलीत फेकली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वाळूतून शीळ घातल्यासारखा आवाज आला, आणि पांढऱ्या धुरामागून हातभर ज्वाळा उठली. पिवळं वेष्टन वळून काळं पडताना तिला दिसलं. धुरानं चार माणसं खाकरली. हसलं कोणी नाही.

मेदेतला त्याच दिवशी काढलं. चौकशीत त्याला विचारलं, वेष्टन कोणी चढवलं? तो म्हणाला, मीच. कुल्याशला कोणी विचारलंच नव्हतं. तिनं कागद मागून घेतला आणि लिहिलं: बॅटरीला चेप होती, मला माहीत होती, मी ती झाकली. त्याचा फायदा मेदेतला झाला नाही. तिला ताकीद मिळाली. निवृत्तीला पाच महिने उरले होते, म्हणून खिडकीवर राहू दिलं.

कारागांदाच्या कुठल्याच खाणीनं मग मेदेतला उभं केलं नाही. तो दूर उत्तरेला, एका उघड्या खाणीवर गेला. साउले माहेरी गेली. ज्याची भीती घालून त्यानं बॅटरी जोडून घेतली होती, तेच झालं. रखियानं बाउर्साकचं ताट परत आणलं. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामं. रिकामं ताट परत द्यायचं नसतं हे रखियाला कळत नव्हतं असं नाही. तिनं ते दाराशी ठेवलं.

"माझा मुलगा तुझं ऐकत आला," ती म्हणाली. "ऐकलं म्हणून गेला."

"खाली दोनशे माणसं होती, रखिया."

"ती माझी नव्हती."

मार्चमध्ये मेदेतच्या बाळाला चाळीस दिवस झाले, आणि त्या दिवसापुरती साउले त्याला घेऊन रखियाकडे आली. चाळीस चमचे पाण्यानं आंघोळ घालायला कुल्याश सोडून गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावणं होतं. कुल्याशनं पाण्यात टाकायचं चांदीचं नाणं महिन्यापूर्वीच उजळून ठेवलं होतं. भिंतीपलीकडे बायका चमचे मोजत होत्या. तिला एकतीसपर्यंत नीट ऐकू आलं, मग पोर रडायला लागलं. नाणं तिनं परत फडक्यात बांधलं.

खिडकीवर तिला कोणी वाईट बोललं नाही. त्या सकाळी खाली असलेली माणसं तर मान लववून जात. फक्त बिल्ला हातावर ठेवणं सगळ्यांनी सोडलं. आपल्याही खिशातलं काही हिला कळेल, अशी धास्ती. हातमोजा न काढता बिल्ला चौकटीच्या पत्र्यावर सरकवायचा, दिवा घ्यायचा, निघायचं. तो पत्रा रात्रभर गारठलेला असे.

चारशे सतराचा खिळा मोकळा राहिला. शेवटच्या दिवसापर्यंत ती पत्र्यावरचा एकेक बिल्ला उचलून मुठीत क्षणभर धरी, आणि मग खिळ्याला लावी. ऊब राहिलेला एकही नसे.