टिकलीभोवतीचं रिंगण

माझा ताप हटेना, म्हणून लघवी तपासली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नातीने काचेची थाळी पुढे धरली. "बघ आजी, हे तुझे जंतू."

दुधावर साय धरावी तसे ते पसरले होते. मधेमधे वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ रिंगण उमटतं म्हणे. माझे जंतू मात्र टिकल्यांना खेटून नांदत होते.

"ते एक एन्झाइम सोडतात. औषध जवळ आलं की त्याचे तुकडे!"

"कुणी शिकवलं गं त्यांना?"

"तूच!"

खरंच की. तरुणपणी मी स्वतःला अर्धी डॉक्टर समजायचे. ताप उतरला की 'गोळ्या गरम पडतात' म्हणून तिसऱ्या दिवशी बंद. उरलेल्या डब्यात जपायच्या, जावेचा घसा दुखला की दोन द्यायच्या. काय तो तोरा! त्या गोळ्या मी कधीच विसरले. पोटातले हे बिऱ्हाडकरू विसरले नाहीत.

एकाच टिकलीभोवती रिंगण होतं. "एवढं एकच इंजेक्शन उरलंय. सगळे दिवस घ्यायचं."

"घेईन हो, डॉक्टरीणबाई."

चष्मा सावरून मी वाकले. त्या स्वच्छ रिंगणाच्या आत, मोहरीएवढा, तसलाच सायीचा एक ठिपका होता.

"हा काय गं?"

तिने थाळी उजेडात धरली. "यातल्या एकाला हे औषधही पचलंय, आजी."